कुठला सोडा?

‘‘तुझं फ्रेंच झालंय ना गं?’’

सोमवारी सकाळी साडेनऊला फोनवर कुणी असं विचारलं, तर शहाण्या माणसानं आधी ‘का?’ असं विचारावं. मी ‘हो’ म्हटलं. फ्रीलान्सर माणसाची ही सवयच असते. आधी ‘हो’, मग ‘काम काय आहे?’, आणि पैशांचा विषय अगदी शेवटी, तोही चाचरत.

फोन होता एका छोट्याशा ट्रान्सलेशन एजन्सीच्या मालकाचा. त्यांना मी अधूनमधून ब्रोशर वगैरे लिहून द्यायचे. या वेळचं काम मात्र वेगळं होतं. जर्मनीतली एक लहान कंपनी साफसफाईची केमिकल्स बनवते. डेअरीतल्या मशिन्सवर बसलेला क्षार काढायचं अ‍ॅसिड, तेलकट पार्ट धुवायचं लिक्विड, असं काय काय. हा माल आता फ्रान्समध्ये विकायचा होता. प्रत्येक मालासोबत जाणारं सेफ्टी डेटा शीट, म्हणजे सुरक्षेचं माहितीपत्रक, जर्मनमध्ये होतं. ते फ्रेंचमध्ये हवं होतं. एकूण बारा पत्रकं, प्रत्येक दहा-बारा पानांचं. मुदत तीन आठवडे.

‘‘भाषांतर तू नाही करायचंस,’’ साहेब म्हणाले. ‘‘फक्त माणूस शोध, त्याच्याकडून काम करून घे, वाचून ओके दे. को-ऑर्डिनेशनची फी तुझी.’’

फी ऐकली आणि मी मनातल्या मनात दोन महिन्यांचं घरभाडं भरून टाकलं. त्यात कठीण ते काय? हे पुणं आहे, बॉस! इथे दर चौथ्या घरात कुणीतरी जर्मन शिकलेलं असतं. फ्रेंचवालेही काही कमी नाहीत. आणि पाषाणला नॅशनल केमिकल लॅबोरेटरी १९५० पासून उभी आहे, त्यामुळे केमिस्ट्रीवाल्यांना तर तोटाच नाही. या तिन्ही गोष्टी येणारा एक माणूस शोधायला कितीसा वेळ लागणार?

बेकरीपुरतं जर्मन

पहिल्या आठवड्यात मी सत्तावीस फोन केले. मोजून.

रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलेली माझी मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, माझं जर्मन ऑटोमोबाइलचं आहे. गिअरबॉक्स असेल तर सांग, झोपेत करून देते.’’ मॅक्समुल्लर भवनातून बऱ्याच वरच्या लेव्हलपर्यंत गेलेला एक मुलगा उत्साहानं ‘हो’ म्हणाला, पण फ्रेंच विचारल्यावर गप्प झाला. आलियान्स फ्रान्सेझमधली माझी जुनी क्लासमेट इन्शुरन्सच्या क्लेम्समध्ये मुरलेली. तिला जर्मन अजिबात येत नव्हतं आणि केमिस्ट्रीशी तिनं बारावीनंतर काडीमोड घेतला होता.

मग वाटलं, उलट बाजूनं जावं. आधी केमिस्ट गाठावा. मित्राच्या ओळखीतला एक रिसर्चर भेटला. पोस्ट-डॉक करायला दोन वर्षं जर्मनीत राहून आलेला. माझे डोळे चमकले. तो हसायलाच लागला. ‘‘लॅबमध्ये सगळे इंग्लिशच बोलायचे. मला जर्मन येतं ते बेकरीपुरतं.’’

सगळ्यात छान गप्पा झाल्या त्या एका निवृत्त प्राध्यापकांशी. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या तरुणपणी केमिस्ट्रीत संशोधन करायचं तर जर्मन वाचता यायलाच हवं, असा दंडक होता म्हणे. ‘बाइलश्टाइन’ नावाचा सेंद्रिय रसायनांचा अवाढव्य संदर्भग्रंथ १८८१ पासून निघायला लागला आणि पुढची शंभर वर्षं तो जर्मनमध्येच होता. लिबिग यांच्या नावाचं नियतकालिक जर्मन, ‘बेरिष्टे’ जर्मन. ‘‘आम्ही डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचो,’’ सर म्हणाले. ‘‘पण वाचायचो हं, लिहायचो नाही. आणि फ्रेंच विचारशील, तर बों झूर.’’

निघताना त्यांनी एक गंमत सांगितली. नायट्रोजनला जर्मनमध्ये म्हणतात ‘श्टिकश्टोफ’, म्हणजे गुदमरवणारा पदार्थ. फ्रेंचमध्ये तोच ‘आझोत’, म्हणजे ज्यात जीव जगत नाही असा. ऑक्सिजन जर्मनमध्ये ‘झाउअरश्टोफ’, म्हणजे आम्ल बनवणारा. आपल्याकडे तोच प्राणवायू! अठराव्या शतकाच्या शेवटी लाव्हाझिए आणि त्याच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी रसायनांच्या नावांची नवी पद्धत बसवली, ते साल १७८७. जर्मनांनी त्यातलं काही उचललं, काहींचं आपल्या शब्दांत भाषांतर केलं. शिवाय फ्रेंच माणसाचं सोडियम जर्मन माणसाचं ‘नात्रिउम’ असतं आणि पोटॅशियम ‘कालिउम’. ‘‘दोघांचे फॉर्म्युले सारखे,’’ सर म्हणाले, ‘‘पण नावं बघशील तर ही दोन वेगळी घराणी आहेत.’’

मी हे सगळं कौतुकानं वहीत लिहून घेतलं. माणूस मात्र मिळाला नव्हता.

शॉर्टकट

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला साहेबांचा फोन आला. ‘‘अगं, एवढं काय शोधत बसलीस? दोघं घे ना. एक जर्मनचं इंग्लिश करेल, दुसरी इंग्लिशचं फ्रेंच करेल. मधे इंग्लिश आहेच की!’’

खरं सांगते, मला हायसं वाटलं. अशी दोन माणसं माझ्या फोनमध्ये आधीच होती. दोघंही हुशार, वेळ पाळणारी आणि परवडणारी. आठ दिवसांत पहिली चार पत्रकं फ्रेंचमध्ये तयार झाली. मी माझ्या ‘बी-वन’ लेव्हलच्या फ्रेंचनं ती वाचली. व्याकरण ठीक वाटलं. सगळे सोळा विभाग जागच्या जागी होते. प्रत्येक फाइलच्या शेवटी तपासणाऱ्याचं नाव लिहायची जागा होती. तिथे मी माझं नाव टाईप केलं.

शुक्रवारी फाइल्स पाठवायच्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी मावशीकडे जेवायला गेले आणि तिथे बोलता बोलता हा विषय निघाला. मावशी म्हणाली, ‘‘अगं, आमच्या सोसायटीत ‘बी’ विंगमध्ये मॅडम आहेत ना! केमिस्ट्रीतल्या पीएच.डी. कित्येक वर्षं तिकडे स्वित्झर्लंडला होत्या.’’

सत्तावीस फोन केले होते मी. मावशीला सोडून!

सहावा विभाग

मॅडमचं वय सत्तरच्या आसपास असेल. लग्नानंतर त्या बाझलला गेल्या आणि तिथल्या एका लॅबमध्ये वीसेक वर्षं काम केलं. बाझल हे शहर म्हणजे स्वित्झर्लंड, जर्मनी आणि फ्रान्स या तिघांच्या सीमा जिथे टेकतात ते ठिकाण. केमिकल आणि औषधांचा धंदा तिथला जुना. शहराची भाषा जर्मन, पण पलीकडच्या फ्रान्समधून रोज हजारो माणसं सीमा ओलांडून कामाला येतात. मॅडमच्या लॅबमध्ये साहेब जर्मन बोलणारे, तर टेबलाशेजारची बाई फ्रेंच बोलणारी. दोन्ही भाषा त्या क्लासमध्ये शिकल्या नव्हत्या, टेस्ट ट्यूब धुता धुता शिकल्या होत्या.

‘‘दाखव बघू,’’ त्यांनी चष्मा लावला. जर्मन आणि फ्रेंच प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या. पाच मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग सहाव्या विभागावर बोट ठेवलं. केमिकल सांडलं तर काय करायचं, हे तिथे लिहिलेलं असतं.

‘‘हे कुणी केलंय?’’

मी सांगितलं, दोघांनी मिळून.

‘‘आणि तपासलं कुणी?’’

माझं नाव खाली होतंच.

मूळ जर्मनमध्ये लिहिलं होतं की अ‍ॅसिड सांडलं, तर त्यावर ‘सोडा’ टाकून ते न्यूट्रलाइज करा. जर्मन माणूस नुसतं ‘सोडा’ म्हणतो, तेव्हा त्याला सोडियम कार्बोनेट म्हणायचं असतं. म्हणजे आपला धुण्याचा सोडा. इंग्लिश करणाऱ्यानं तो शब्द ‘सोडा’ असाच ठेवला. त्यातही वरकरणी चूक काही दिसत नाही. फ्रेंच करणारीनं त्याचं केलं ‘सूद’. आणि आज फ्रेंच कारखान्यात नुसतं ‘सूद’ म्हटलं, तर त्याचा अर्थ होतो कॉस्टिक सोडा.

थोडक्यात, आमचं पत्रक एका फ्रेंच डेअरीतल्या कामगाराला सांगत होतं, ‘‘बाबा रे, फरशीवर अ‍ॅसिड सांडलंय ना? मग त्यावर कॉस्टिक टाक.’’

मॅडम चिडल्या नाहीत. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. धुण्याचा सोडा अ‍ॅसिडवर टाकला की फसफसतो, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. ते थांबले की कळतं, अ‍ॅसिड संपलं. कॉस्टिक टाकलं तर प्रचंड उष्णता निर्माण होते, अंगावर शिंतोडे उडू शकतात. आणि थोडं जास्त पडलं तर अ‍ॅसिड गेलं, पण त्याच्या जागी कातडी जाळणारी दुसरी वस्तू जमिनीवर पसरली.

‘‘मला वाटलं, सूद म्हणजे सोडाच,’’ मी म्हटलं.

‘‘तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात किती सोडे आहेत?’’ त्यांनी विचारलं.

मी मोजले. भज्यांत घालतो तो खायचा सोडा. धुण्याचा सोडा. तुंबलेल्या पाइपमध्ये ओततो तो कॉस्टिक. आणि फ्रिजमध्ये बाटलीतला, लिंबू पिळून प्यायचा. चार!

‘‘यातला कुठला भज्यांत घालायचा, हे तुला कुणी शिकवलं होतं का? तुला माहीतच असतं. भाषांतर करणाऱ्यालाही असंच, न विचारता माहीत हवं,’’ मॅडम म्हणाल्या. जर्मनमध्येही असाच घोळ आहे. ‘नाट्रोन’ म्हणजे खायचा सोडा, पण ‘नाट्रोनलाउगं’ म्हणजे कॉस्टिकचं पाणी. शब्दाला नुसती शेपटी लागते आणि वस्तू स्वयंपाकघरातून थेट कारखान्यात जाते.

मग त्यांनी मला आणखी एक जोडी दाखवली. जर्मन ‘बेन्झिन’ म्हणजे साधं पेट्रोल. फ्रेंच ‘बेन्झेन’ म्हणजे बेन्झीन, कॅन्सरला कारण ठरणारं रसायन. त्याला जर्मन माणूस ‘बेन्झोल’ म्हणतो. आणि पेट्रोलला फ्रेंच माणूस काय म्हणतो? ‘एसांस’! आमच्या चौथ्या पत्रकात हा शब्द होता. तो नशिबानं बरोबर आला होता. नशिबानं, कारण मी तो वाचला तेव्हा तो बरोबर आहे की चूक, हे मला कळलंच नव्हतं.

घरी परतताना रिक्षात मला कामगाराचाच विचार येत होता. त्याचा चेहरा मला माहीत नव्हता. पण पत्रकावरचं नाव माझं होतं.

‘कोण वाचतं गं ते?’

रात्री साडेदहाला साहेबांना फोन केला.

‘‘एक शब्द आहे ना? तो बदल आणि पाठव,’’ ते म्हणाले.

‘‘सर, एक मला दिसला. म्हणजे मॅडमना दिसला. बाकीचे किती आहेत ते मला माहीत नाही.’’

‘‘अगं, ती शीट्स फाइलला लागतात. कोण वाचतं गं ते?’’

त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. आपल्यापैकी किती जणांनी ऑफिसातलं फायर एक्झिटचं पोस्टर वाचलंय? पण ते कागद ज्या क्षणासाठी असतात, तो क्षण आला की कुणीतरी धावत जाऊन तेच वाचतं. मॅडमनी मला त्याच संध्याकाळी १९८६ मधल्या नोव्हेंबरची गोष्ट सांगितली होती. बाझलजवळच्या श्वाइझरहालेमध्ये १ नोव्हेंबरच्या पहाटे केमिकलच्या गोदामाला आग लागली. शहरात सायरन वाजले, खिडक्या लावून घरात थांबायला सांगितलं गेलं. आग विझवायला मारलेलं पाणी गोदामातली कीटकनाशकं घेऊन ऱ्हाइन नदीत गेलं. नदी लाल झाली, हजारो मासे मेले. बाझलच्या खाली ही नदी फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरून वाहते. मॅडम त्या पहाटे लहान मुलाला घेऊन खिडकीच्या फटीत ओले टॉवेल कोंबत बसल्या होत्या. ‘‘त्या दिवसापासून ड्रमवरचं लेबल वाचल्याशिवाय मी कशाला हात लावला नाही,’’ त्या म्हणाल्या होत्या.

मी साहेबांना म्हटलं, ‘‘माझं नाव काढून पाठवायचं तर पाठवा. नाव ठेवायचं असेल तर मला आणखी दोन आठवडे हवेत.’’

फोनवर शांतता. मग, ‘‘उद्या बोलू.’’

ती रात्र मी झोपले नाही, हे सांगायला नकोच. घरभाड्याचा हिशेब पुन्हा पुन्हा करत होते. तत्त्व वगैरे शब्द रात्री दोनला फार महाग वाटतात.

सकाळी साहेबांचा मेसेज आला. क्लायंटला त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं होतं. जर्मन कंपनीनं अठरा दिवस वाढवून दिले. साहेबांनी त्याचं श्रेय मला दिलं नाही, पण काम काढूनही घेतलं नाही.

बाराही पत्रकं मॅडमनी नव्यानं केली. त्यांनी स्वतःच एक अट घातली होती. ‘‘माझं फ्रेंच चांगलं आहे, पण ते माझं आईचं फ्रेंच नाही. शेवटचा हात फ्रेंच माणसाचाच फिरायला हवा.’’ मग त्यांच्या लॅबमधली जुनी मैत्रीण, आता फ्रान्समध्ये निवृत्त झालेली, तिनं प्रत्येक पान वाचलं. आता तपासणाऱ्याच्या जागी तिचं नाव गेलं आणि माझं निघालं. दोघींना द्यायचे पैसे एजन्सीच्या बजेटमध्ये पुरे बसत नव्हते. उरलेले माझ्या फीमधून गेले. दोन महिन्यांच्या भाड्यातून माझ्याकडे राहिलं ते लाइट बिलापुरतं.

तुमच्या टेबलावर असं काम आलं तर?

हसू नका, येऊ शकतं. ‘तुझी एक मैत्रीण फ्रेंच शिकते ना?’ हे वाक्य कुठल्याही ऑफिसात कुणालाही ऐकायला मिळतं. म्हणून माझ्या खर्चानं शिकलेल्या चार गोष्टी तुम्हाला फुकट.

पहिली, हे काम वाटतं तितकं दुर्मिळ नाही. युरोपियन युनियनच्या २००६ च्या ‘रीच’ नियमानुसार सेफ्टी डेटा शीट ज्या देशात माल विकायचा त्या देशाच्या अधिकृत भाषेत द्यावं लागतं. युरोपियन पेटंटच्या कामकाजाच्या भाषा तीन, इंग्लिश, जर्मन आणि फ्रेंच. त्यातल्या एका भाषेत मंजूर होणाऱ्या पेटंटचे दावे उरलेल्या दोन भाषांतही द्यावे लागतात. त्यामुळे जर्मनमधून फ्रेंचमध्ये केमिस्ट्री आणणारी माणसं आहेत, फक्त ती बहुतेक तिकडे आहेत. जर्मनीतल्या भाषांतरकारांची संघटना बीडीयू आणि फ्रान्समधली एसएफटी, दोघींच्या याद्यांत भाषा आणि विषय टाकून माणूस शोधता येतो. मी पहिले सत्तावीस फोन पुण्यात केले, त्याऐवजी तिथे दोन मेल टाकायला हव्या होत्या.

दुसरी, भाषांतर आपल्या मातृभाषेत करणारा माणूस बघावा. आणि एकानं केलेलं दुसऱ्यानं मूळ मजकुराशी ताडून बघावंच. २०१५ च्या आयएसओ १७१०० या भाषांतराच्या स्टँडर्डमध्येही ही दुसरी नजर सक्तीची आहे. ही दुसरी नजर म्हणजे माझ्यासारखी ‘बी-वन’वाली नव्हे!

तिसरी, नमुना मागा, पण पैसे देऊन. अर्धं पान पुरतं. त्यात सोडा, नाट्रोन आणि बेन्झिन हे तीन शब्द असू द्या. चांगला माणूस उत्तराआधी प्रश्न विचारेल, ‘कुठल्या संदर्भात?’ न विचारता धाडधाड लिहून देणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या. पत्रकातली धोक्याची ठरावीक वाक्यं, ती ‘एच ३१४’ वगैरे, भाषांतर करायची नसतात. ती प्रत्येक भाषेत कायद्यानं ठरलेली असतात, तिथूनच उचलायची. हे ज्याला माहीत आहे, त्यानं आधी असं काम केलेलं असतं.

चौथी, दर कशावर ते आधी ठरवा. जर्मन माणसं एका लांबलचक शब्दात अख्खी मालगाडी जोडतात. त्यांचं ‘नात्रिउमहायड्रोगेनकार्बोनाट’ हा एक शब्द, त्याचंच फ्रेंच केलं की तीन शब्द. मूळ जर्मनच्या शब्दांवर पैसे दिले तर भाषांतरकार मारला जातो. म्हणूनच जर्मनीत ओळीवर दर लावायची पद्धत आहे, साधारण पंचावन्न ठोशांची एक ओळ. मॅडमनी मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांचा हिशेब पुन्हा केला. लाइट बिलापुरते पैसे उरले ते त्यानंतर.

साहेबांनी अजून पुढचं काम दिलेलं नाही. देतील असं वाटतंय. मॅडमकडे मात्र मी आता दर शनिवारी जाते. फ्रेंच शिकायला, असं मी सांगते. त्या म्हणतात, केमिस्ट्री शिकायला. बारावीत सोडलेलं पीरिऑडिक टेबल त्यांच्या डायनिंग टेबलावर पुन्हा उघडलंय.

परवा घरी गेले होते. आई ओट्यापाशी भज्यांचं पीठ भिजवत होती. तिथूनच ओरडली, ‘‘अगं, जरा तो सोडा दे गं!’’

मी कपाट उघडून तशीच उभी.

‘‘अगं, काय झालं? दिसत नाहीये का?’’

‘‘दिसतोय गं,’’ मी म्हटलं. ‘‘पण कुठला?’’